केसतोड, चेहरा: गुंतागुंत नाही

५ फेब्रुवारी, बुधवार

आज मला फोड मिळाले. चारशे बारा. सगळे लोकांच्या चेहऱ्यावरचे, सगळे गेल्या वर्षीचे.

झालं असं, की हॉस्पिटलच्या आमच्या रेकॉर्ड विभागात नवा तपासनीस आलाय. वय जेमतेम तीस. दिसेल त्या फायलीला चिठ्ठी टाचायची त्याला भारी हौस, म्हणून मी त्याचं नाव टाचणी ठेवलंय. सकाळी त्याने आम्हा सगळ्यांना उभं करून सुनावलं, की चेहऱ्यावरच्या फोडांना तुम्ही वर्षभर सरसकट एकच कोड देत आलात, हे चालायचं नाही. मी म्हटलं, "डॉक्टरच सरसकट एक शब्द लिहितात. आम्ही काय मनाचं घालायचं?" झालं! "मग हे काम तुम्हीच करा," म्हणाला. इतका वेळ माझ्या बाजूने माना डोलावणाऱ्या सगळ्याजणी लगेच आपापल्या कॉम्प्युटरच्या पडद्यात डोकी खुपसून बसल्या.

रुग्ण घरी गेला की त्याची फाइल तळघरात आमच्याकडे येते. डॉक्टरने जो आजार लिहिलाय त्याला आम्ही आकड्यांचा कोड द्यायचा, की पुढे विमा, सरकारी तक्ते वगैरे सगळं त्यावर चालतं. एकवीस वर्षं मी आजारांत बसलेय आणि एकाही आजाऱ्याचं तोंड पाहिलेलं नाही.

मला डॉक्टर व्हायचं होतं. मार्कही होते. पण वडिलांनी दोघांपैकी एकालाच शिकवायचं ठरवलं आणि ते एक अर्थातच भाऊ निघाला. तो दोन वर्षांत नापास होऊन घरी आला, ती गोष्ट निराळी. तोवर मी इथे नोकरीला लागले होते. आता या वयात कशाला उगाळत बसायचं. पण उगाळते.

६ फेब्रुवारी, गुरुवार

दिवसभर पुस्तक घेऊन बसले. केसाच्या मुळाशी पू धरला की केसतोड. असे चार-सहा केसतोड आतून एकमेकांत मिसळले आणि वर चाळणीसारखी तोंडं पडली की काळपुळी. कातडीखाली पुवाची पिशवीच झाली तर गळू. तिघांचे कोड वेगळे. आणि हेच नाकावर झालं, तर त्वचेच्या प्रकरणातून उचलायचं आणि श्वासाच्या प्रकरणात नेऊन टाकायचं. खरंच मजा आली. किती दिवसांनी काही शिकल्यासारखं वाटलं.

आता आमचे सकाळच्या ओपीडीतले डॉक्टर बघा. फाइल उघडली की एक ओळ: "चेहऱ्यावर फोड. औषध दिले." पुढची फाइल: "चेहऱ्यावर फोड. औषध दिले." कधी लहर आली तर "गालावर". मी त्यांना एकओळी म्हणते. घरी पत्र लिहीत असतील तर "मजेत आहे. औषध दिले." एवढंच लिहीत असतील.

पण खाली नर्सची टिपणं असतात. किती दिवस दुखतंय, फोडाला तोंड आलंय का, दाबल्यावर टणक लागतं की मऊ. ती वाचली की मला पाच मिनिटांत कळतं काय आहे ते. मी वहीच्या मागच्या पानांवर माझं निदान लिहून ठेवायला सुरुवात केलीय. गंमत म्हणून.

११ फेब्रुवारी, मंगळवार

मी एकओळींना एकतीस चिठ्ठ्या पाठवल्या होत्या. "कृपया स्पष्ट करावे: केसतोड, काळपुळी की गळू?" रीतच आहे तशी. शंका आली तर डॉक्टरला विचारायचं, स्वतः ठरवायचं नाही. तर त्यांनी वर तक्रार केली, की तळघरातली ती बाई मला काम करू देत नाही.

टाचणीने बोलावून घेतलं. "मॅडम, निदान डॉक्टर करतात. तुम्ही त्याला फक्त नंबर देता." आजूबाजूला सगळ्या ऐकत होत्या. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तोंडाने "बरं" म्हटलं. एकवीस वर्षांत मी या ऑफिसात "बरं" इतकं कशालाच म्हटलं नसेल.

दुपारी चिठ्ठ्या परत आल्या, उत्तरं लिहून. मी माझ्या मागच्या पानांशी ताडून पाहिल्या. एकतीसपैकी सत्तावीस बरोबर! नुसते कागद वाचून! तो माणूस समोर तोंड बघून एक ओळ लिहितो आणि मी तोंड न बघता सत्तावीस. घरी यांना सांगितलं. टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "वा." आमचे हे असेच. त्यांचा "वा" आणि माझा "बरं" एकाच दुकानातले.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

खालच्या मजल्यावरच्या काकू आल्या होत्या. चार दिवसांपूर्वी त्यांच्या हनुवटीवर फोड होता, तेव्हा मी बघून सांगितलं होतं, केसतोड आहे, दाबू नका, गरम पाण्याच्या फडक्याने शेका, आठवड्यात जाईल. चार दिवसांतच गेला. काकू अगदी भारावल्या होत्या. म्हणाल्या, "डॉक्टरकडे गेले असते तर तीन तास रांगेत गेले असते हो."

सासूबाई कौतुकाने म्हणाल्या, "आमची सून म्हणजे जवळजवळ डॉक्टरच."

जवळजवळ. तो शब्द खटकला. पण खोटं कशाला लिहू, बरंही वाटलं. सोळा वर्षांत सासूबाईंनी चारचौघांत माझं नाव काढलं ते बहुतेक पहिल्यांदा.

१६ फेब्रुवारी, रविवार

बारकीच्या नाकाच्या उजव्या बाजूला, गाल सुरू होतो तिथे, पुळी आलीय.

बारकी म्हणजे माझी नणंद. मी लग्न होऊन आले तेव्हा दहा वर्षांची होती, तिच्या वेण्या मी घातल्यात. आता सव्वीसची आहे आणि घड्याळं दुरुस्त करते. कोपऱ्यावरच्या दुकानात सहा वर्षं मान मोडून बसलीय. उजव्या डोळ्यात भिंग घालते आणि डोळ्याला न दिसणारे स्क्रू चिमट्याने उचलते. तिला आता एका मोठ्या कंपनीच्या वर्कशॉपने परीक्षेला बोलावलंय. चोवीस तारखेला. त्यांच्यासमोर एक मनगटी घड्याळ पूर्ण उघडायचं आणि दिलेल्या वेळात परत जोडून चालू करून दाखवायचं. घरात गेले पंधरा दिवस दुसरा विषय नाही. सासूबाई तिला भांडी घासू देत नाहीत, बोटांना कापलं तर? हे तिच्यासाठी टेबलावरचा दिवा घेऊन आले. माझ्या परीक्षेच्या वेळी वडिलांनी दिवा काढून भावाच्या खोलीत नेला होता.

असो. मला तिचं वाईट वाटत नाही. वाईट म्हणजे, तिला मिळतंय त्याचं वाईट. चांगलंच आहे की.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

पुळीचा चांगला केसतोड झालाय. लाल, टणक, मधे केस. सकाळी बारकी आरशासमोर उभी राहून म्हणाली, "वहिनी, मी तुझ्याबरोबर हॉस्पिटलला येऊ का? दाखवून टाकते एकदा."

मी म्हटलं, "कशाला? केसतोड आहे. महिन्याला चाळीस बघते मी. शेक दे, पिकेल, फुटेल, जाईल."

"पण सोमवारी परीक्षा आहे ना."

"म्हणून तर म्हणते, रांगेत बसून दिवस कशाला घालवतेस?"

हे पेपर वाचत होते. म्हणाले, "बारके, वहिनीला कळतं त्यातलं." सासूबाईंनीही मान डोलावली. विषय संपला.

इथे तरी खरं लिहायला हरकत नाही. सकाळच्या ओपीडीत एकओळी असतात. एकतीस चिठ्ठ्या पाठवणारी बाई घरच्या माणसाचा केसतोड घेऊन त्यांच्या दारात उभी राहणार? तो माणूस माझ्याकडे बघून हसला असता. आणि लिहिलं काय असतं? "चेहऱ्यावर फोड. औषध दिले." ते औषध मलाही माहीत आहे. एवढ्यासाठी मी नाक घासायला जाणार नाही.

२० फेब्रुवारी, गुरुवार

आज बारकीचा केसतोड काढला.

परीक्षेला चार दिवस राहिले म्हणून ती घायकुतीला आली होती. भिंग डोळ्यात धरलं की त्याची कड बरोबर त्या सुजेवर टेकते, हात थरथरतो म्हणाली. "वहिनी, काहीतरी कर ना गं, तुला येतं ना." मी पाहिलं. वर पिवळं तोंड आलं होतं, हाताला मऊ लागत होतं. काकूंना दाबू नका म्हटलं होतं ते कच्चं असताना. पिकल्यावर वेगळं. सुई उकळून घेतली, हात साबणाने दोनदा धुतले, नव्या दिव्याखाली तिला बसवलं. टोचलं आणि दोन्ही बाजूंनी दाबलं. आधी थोडाच पू आला. मग मी जोर लावला. बारकीच्या डोळ्यातून पाणी आलं पण हलली नाही, घड्याळवाली आहे, स्थिर बसायची सवय. मग भरपूर आलं, शेवटी रक्त.

मी रीतसर लिहून ठेवते: रुग्ण स्त्री, वय सव्वीस. केसतोड, चेहरा, उजवी बाजू. छेद देऊन निचरा केला. गुंतागुंत नाही. रुग्णाने सहन केले.

हात पुसताना वाटलं, हे मला जमलं असतं. आयुष्यभर जमलं असतं. बारकीने आरशात बघितलं आणि माझ्या गळ्यात पडली.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

आज चक्क टाचणीने शाबासकी दिली!

दोनशे सदुसष्टावी फाइल. चौतीस वर्षांचा गवंडी. वरच्या ओठावर केसतोड, घरी दाबलेला. मग थंडी वाजून ताप, डोकं दुखतंय, डोळ्यामागे दुखतंय, पापणी सुजली, एकाचे दोन दिसायला लागले. नाक आणि ओठांच्या आसपासच्या शिरा आतून डोळ्यामागे जातात, तिथून मेंदूच्या तळाशी. दाबलं की घाण त्या वाटेने वर चढते आणि शिरेत रक्ताची गाठ होते. मोठ्या डॉक्टरांनी तिसऱ्या पानावर सगळं व्यवस्थित लिहिलं होतं. आणि आमच्यापैकी कुणीतरी पहिलं पान वाचून केसतोडाचा कोड देऊन मोकळं झालं होतं! म्हणजे एवढा मोठा आजार आकड्यांत कुठे आलाच नाही. त्या फायलीच्या शेवटी घरी सोडल्याचा कागद नाही, दुसराच कागद आहे.

मी शिरेतल्या गाठीचा कोड शोधला, तो पहिला लावला, केसतोड त्याच्या खाली, जंतूचा कोड शेवटी. टाचणीने फाइल दोनदा बघितली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "असं काम हवं." मी आज परतताना पायऱ्या चढून आले, लिफ्टची वाट नाही पाहिली.

घरी बारकी कपाळ धरून बसली होती. जेवलीही नाही. थंडी वाजतेय म्हणाली, मी खिडकी लावली आणि तापाची गोळी दिली. परीक्षेचं टेन्शन, दुसरं काय. मलाही व्हायचं असं परीक्षेच्या आधी.

२२ फेब्रुवारी, शनिवार

ताप उतरला नाही. उजवी पापणी फुगलीय. कुशीवर झोपल्याने असेल. सासूबाई विचारत होत्या, डॉक्टरला बोलवायचं का, तर हे म्हणाले हिला विचार. मी म्हटलं उद्यापर्यंत बघू. मला जरा तिचा रागच आला. ऐन वेळी आजारी पडायचं. संधी चालून येते आणि ही अंथरूण धरते.

२३ फेब्रुवारी, रविवार

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितेय.

सकाळी बारकी तापातच उठून टेबलाशी बसली होती. उद्याची उजळणी. मी चहा घेऊन गेले तर घड्याळ हातात धरून नुसती बघत होती. म्हणाली, "वहिनी, सेकंदकाटे दोन दिसताहेत."

मी म्हटलं, "म्हणजे?"

"दोन. आणि डोळा बाजूला वळतच नाहीये."

तिने मान वर केली. उजवा डोळा पुढे आला होता. मला तो गवंडी आठवला. त्याची सगळी पानं ओळीने आठवली. शुक्रवारी मी त्याला कोड दिला, तोच ताप, तीच थंडी, तीच डोकेदुखी, आणि त्याच संध्याकाळी घरी येऊन मी खिडकी लावली. खिडकी! कागदावर असतं तर मी ओळखलं असतं. देवाशप्पथ ओळखलं असतं.

मी ओरडतच यांना उठवलं. गाडीत सासूबाई सारखं विचारत होत्या, काय झालं, काय झालं, मी नुसतं "लवकर, लवकर" म्हणत होते.

इमर्जन्सीत रविवारची पाळी कुणाची असावी? एकओळींची. ते बारकीजवळ वाकले, पापणी उचलली, बोट इकडून तिकडे फिरवलं. अर्धा मिनिट लागला नसेल. सरळ फोन उचलून मेंदूच्या डॉक्टरांना बोलावलं, नर्सला सलाइन लावायला सांगितलं. मग विचारलं, "हा फोड कुणी दाबला?"

मी तिथेच होते, तिची पर्स धरून. हे होते, सासूबाई होत्या. दाबला तेव्हा हे अजून ऑफिसात होते आणि सासूबाई खालच्या काकूंकडे. दोघांना वाटत होतं आपोआप फुटला.

बारकी डोळे मिटून म्हणाली, "मीच."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला लागले. मी तोंड उघडलं होतं. शपथेवर सांगते, उघडलं होतं. तेवढ्यात ट्रॉली आली.

२६ फेब्रुवारी, बुधवार

अजून आयसीयूत. शुद्ध येते जाते. काल मला "आई" म्हणाली.

२ मार्च, रविवार

जिवावरचं टळलं म्हणतात डॉक्टर. डोळ्याबद्दल विचारलं की "बघू" म्हणतात. त्यांच्या "बघू" चा अर्थ मला कळतो, एकवीस वर्षं वाचतेय.

नातेवाईक येतात. हे प्रत्येकाला सांगतात, "हिनेच ओळखलं हो. एक तास उशीर झाला असता तर हातची गेली असती." सासूबाईंनी काल सगळ्यांदेखत माझे हात हातात घेतले आणि कपाळाला लावले. म्हणाल्या, "तू होतीस म्हणून माझी पोर वाचली."

मी हात काढून घेतले नाहीत. मग बाथरूममध्ये जाऊन आले, आणि परत येऊन त्यांच्याशेजारी बसले.

परीक्षेचं पत्र आलंय, "अनुपस्थित" म्हणून. ते मी पर्समध्ये ठेवलं.

१९ मार्च, बुधवार

बारकी घरी आली. उजवा डोळा नाकाकडे वळलेला राहिलाय. समोर हात हलवला तर कळतं, बोटं मोजता येत नाहीत. यापुढे असंच. फिट येऊ शकते, म्हणून एकटीला ठेवायचं नाही. डावा चांगला आहे, असं मोठे डॉक्टर तीनदा म्हणाले, जणू तो त्यांनीच दिला.

दर दोन तासांनी थेंब घालायचे आहेत. ऑफिसच्या वेळेत सासूबाई घालतात, बाकीचं काम मी घेतलं. दुसऱ्या कुणी विचारलंही नाही.

दुकानाच्या मालकांनी बारकीचा हत्यारांचा डबा घरी पाठवला. सोबत चिठ्ठी, की बरं वाटलं की गल्ल्यावर बसायला ये. बारकीने डबा उघडला. डाव्या डोळ्यात भिंग धरून पाहिलं आणि चिमट्याने एक स्क्रू उचलायला गेली. चिमटा स्क्रूच्या अलीकडे टेकला. परत गेली. पलीकडे. सहा वर्षांची सवय उजव्या डोळ्याची, डाव्याला अंतर कळत नाही. पाच-सहा वेळा केलं. मग सगळं नीट जाग्यावर ठेवलं, झाकण लावलं आणि म्हणाली, "हे माळ्यावर टाक."

२४ मार्च, सोमवार

तिची फाइल आली.

घरच्या माणसाची फाइल आपण उघडायची नाही, शेजारच्या टेबलावर द्यायची, असा नियम आहे. मी उघडली. एकओळींनी स्वतःच्या हाताने दोन पानं लिहिलीत. सुवाच्य. केसतोड कुठे, किती दिवसांचा, ताप कधी, पापणी कधी, नजर कधी. कशाचीही चिठ्ठी पाठवायला जागा नाही. "रुग्णाने स्वतः घरी दाबल्याचा इतिहास." आणि त्याखाली: "नातेवाईक वैद्यकीय क्षेत्रात. त्यांनी लक्षणे ओळखून तातडीने आणले."

हे यांनी सांगितलं असणार, कौतुकाने.

मी कोड दिले. शिरेतली गाठ, मग डोळा, मग केसतोड, मग जंतू. क्रम बरोबर. टाचणीने तपासली, एकही चिठ्ठी टाचली नाही. त्याला काय माहीत कोण आहे ती. जेवणाच्या सुट्टीत मी वॉशरूममध्ये नळ सोडून रडले, आणि बाहेर येऊन दुपारच्या नऊ फायली पुऱ्या केल्या.

आता मात्र सहन होत नाही. यांना सांगायचं ठरवलंय. काय व्हायचं ते होवो.

२६ मार्च, बुधवार

आज रजा घेतली. हे ऑफिसात, सासूबाई आत पडल्या होत्या. अकराचे थेंब घालायला गेले तेव्हा बारकीला म्हटलं, "आज हे आले की मी त्यांना सांगणार आहे."

"काय?"

"मी दाबला ते. आणि तुला दाखवायला मी का येऊ दिलं नाही, तेही. आईंनाही सांगणार."

ती उशीला टेकून बसली होती. डावा डोळा माझ्याकडे, उजवा दुसरीकडेच. ती म्हणाली, "नको."

मला रडू फुटलं. म्हटलं, "अगं, किती दिवस माझ्यासाठी खोटं बोलशील? त्या दिवशी तशा तापात तू मला वाचवलंस..."

"तुझ्यासाठी?" बारकी हसली. तिला असं हसताना मी कधी पाहिलं नव्हतं. "त्या दिवशी का बोलले मला नाही माहीत. तुला सगळे बोलतील म्हणून असेल, सवयीने. पण आता मी गप्प का आहे ते मला चांगलं माहितेय. दादाला कळलं तर तो तुला एक दिवस घरात ठेवणार नाही. मग माझं कोण करणार? दादा? त्याला स्वतःचे मोजे सापडत नाहीत. आई अजून किती वर्षं पुरणार?"

मी थेंबांच्या बाटलीचं झाकण काढलं.

"मला आता माणूस लागणार, वहिनी. जन्मभर. आणि असं माणूस पाहिजे, की ज्याला मला नाही म्हणता येणार नाही. ते तूच आहेस. तू सांगून मोकळी होशील, निघून जाशील, रडशील चार दिवस माहेरी. आणि मी?"

"मी कुठे जाणार नाही गं," मी म्हटलं.

"नाहीच जायचं. मी माफबिफ केलेलं नाही तुला. ते करेन असं समजूही नकोस. कुणाला सांगायचं नाही, एवढंच. घाल थेंब."

तिने मान मागे टाकली. मी पापणी खाली ओढली आणि थेंब घातले, मग गालावर ओघळलेलं पुसलं. आतून सासूबाईंनी विचारलं, "औषध झालं का गं?" मी म्हटलं, "हो आई, झालं." बारकी डोळे मिटून पडून राहिली.

संध्याकाळी हे आले. मी त्यांना पाणी दिलं, टॉवेल दिला. सांगितलं नाही.

लाज वाटायला हवी होती. वाटेलही. पण "नको" म्हणाली तेव्हा सगळ्यात आधी मला सुटल्यासारखं वाटलं.